अल्युमिनियमचा पंखा

बाबा, परवा मी बोटीचा स्टीलचा पंखा काढला आणि तुमचा जुना अल्युमिनियमचा लावला. दुकानातला माणूस त्याला प्रोपेलर म्हणतो, इंजिनाच्या बुडाशी पाण्यात फिरतो म्हणून तुम्ही आपलं पंखाच म्हणायचे. एवढी वर्षं तो कोठीत खिळ्याला टांगून होता. एक पातं अजूनही जरासं वाकडं आहे. सहलीची माणसं विचारतात, ताई, बोट इतकी हळू काऊन चालून राह्यली? मी म्हणते, इंजिन म्हातारं झालं. खरं कारण तुमच्याशिवाय कोणाला सांगावं, हे मला कळत नाही.

त्या पात्याचा वाक मला चांगला आठवतो. तुमची बोट धरणात बुडालेल्या आपल्या गावाच्या विहिरीला घासली होती, आणि पंखा काढून तुम्ही थेट स्वयंपाकघरात आणला होता. चुलीपुढे उकिडवे बसून तुम्ही पात्यावर कपड्यांच्या साबणाची वडी घासता आहात, मी सांडशीने पंखा धरलाय, आणि आई भाकरी थापता थापता कुरकुरते आहे की भाजीला साबणाचा वास लागला तर मग बोलू नका. विस्तवावर धरून साबण काळा पडला की धातू नरम झाला असं समजायचं, मग ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ करायचं, जास्त ठोकलं तर चीर जाते. तुम्ही मला हे असं शिकवत होता, जसं शेजारच्या पोरींना त्यांच्या आया पुरण शिकवत होत्या. मला तेव्हा भारी अभिमान वाटायचा. पुढे त्याच गोष्टीची लाज वाटायला लागली, हेही खरं.

कारण दुसऱ्या बोटवाल्याने स्टीलचा बसवला होता. पाती पातळ, चकचकीत, बोट सुसाट. गिऱ्हाईक त्याच्याकडे जायचं आणि आपण गावाला वळसा घालत बसायचो, पाण्यावर आलेला चिंचेचा वाळका शेंडा डाव्या हाताला ठेवून, दरवेळी तोच लांबचा वळसा. मी नागपूरच्या दुकानातून सगळं विचारून आले आणि धक्क्यावरच तुमच्याशी वाद घातला. स्टील वाकत नाही, झिजत नाही, दर उन्हाळ्यात साबण घासत बसायला नको. तुम्ही आधी लोकांना सांगायचे तेच सांगितलं, की अल्युमिनियम स्वतः वाकतं म्हणून इंजिनाचे गिअर वाचतात. मी ऐकेना. तेव्हा तुम्ही दोर गुंडाळता गुंडाळता थांबलात.

"गिअरचं सोड. अल्युमिनियम लागलं त थे वाकते. स्टील लागलं त खालचं फुटते. खाली आपलं घर हाय, पोरी."

"घर कुठी हाय बाबा? थिथं पाणी हाय."

तुम्ही उरलेला दोर गुंडाळून बोटीत टाकला. रागावला असता तर बरं झालं असतं. दिवसभर फेऱ्या मारल्या, रात्री जेवलात, मला वाढ म्हणालात, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्याच पावसाळ्यात तुम्ही आजारी पडलात आणि सेवाग्रामच्या दवाखान्यातून परत आलाच नाहीत. ते वाक्य परत घ्यायला मला सवडच मिळाली नाही. खोटं कशाला बोलू, तेव्हा घ्यावंसं वाटलंही नव्हतं.

तुमच्यामागे मी स्टीलचा बसवला. वळसाही सोडला, सरळ गावावरून बोट घालायला लागले. एका उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं, बोटीत शाळेची पोरं होती, आणि खालून धाडकन आवाज आला. बोट हादरली, पोरं आरडाओरडा करत हसली. काठावर येऊन बघते तर पंख्याला ओरखडासुद्धा नाही. मी इंजिनावर थाप मारली आणि मनात म्हटलं, पाह्यलं का बाबा?

यंदा पाणी कधी नव्हे इतकं आटलं. लोक जुनं गाव बघायला गाळातून जाऊन राह्यले होते, आईनेही हट्ट धरला. मातीच्या भिंती कधीच विरघळल्या होत्या. गाव उठलं तेव्हा दारं, छपराच्या टिना, लाकडी फाटे सगळं बैलगाडीवर लादलं होतं, आपल्या घरापुढचा सिमेंटचा ओटा तेवढा उचलता आला नव्हता, तो तसाच होता. आई त्याच्यापाशी गाळात बसली आणि पदराने कोपरा पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, इथं तुया पाय होता. मी वर्षाची असताना तुम्ही ओल्या सिमेंटमध्ये माझा पाय दाबला होता म्हणे, आणि गाव सोडताना तो कोपरा छिन्नीने काढायला गेलात, पण तडा जाईल म्हणून हात आवरला. बाबा, हे तुम्ही मला कधी का नाही सांगितलं? आईला टाच सापडली. पुढे बोटं नव्हती. तिथून ओट्याचा टवका उडाला होता, तिरपा, पात्याच्या रुंदीचा. ती रुंदी मी हातात धरून धरून ओळखते.

आई त्या टवक्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कायनं फुटलं असन वं?"

तुम्ही एवढी वर्षं वळसा घालून जे राखलं ते मी हसत हसत फोडलं, हे तिला कसं सांगू? तिने उरलेल्या टाचेवर तळहात ठेवला होता.

आता रोज वळसा घालते, तुमच्यासारखाच. पाणी परत चढलंय, ओटा दिसत नाही. हे पत्र घरात ठेवलं तर आई शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल, म्हणून बोटीच्या पेटीत, तुमच्या हातोडीखाली ठेवते आहे. तिला मी पाण्यानं फुटलं असं सांगितलं, बाबा.