गडग्यापलीकडे

शुक्रवार, माघ महिना, १९८४
दिवेलागणीनंतर

नगरपालिकेची हद्द वाढतेय म्हणून आज वाडीत चुन्याच्या खुणा केल्या. खुणा सड्याच्या माळावरून येतात, दादाच्या घराला वळसा घालतात आणि त्याच्या-माझ्यामधल्या जांभ्या दगडांच्या गडग्यावर थांबतात. दादाचं घर शहरात गेलं. आम्ही बाकीचे सगळे ग्रामपंचायतीत, त्याच आटणाऱ्या विहिरीवर.

देवळात नारळावर हात ठेवून ठरलं होतं, नगरपालिकेचा नळ येईल तर साऱ्या वाडीला, नाहीतर कुणालाच नको. पहिला हात दादाचा. चुलतभाऊ, पण मी कधी चुलत मानला नाही.

मोजणीवाल्याला विचारलं, आम्हाला का वगळलं? तो सहज म्हणाला, "तुमच्या दादांनीच सांगितलं, गडग्यापलीकडे वस्ती नाही, नुसती आंब्याची कलमं आहेत."

नुसती कलमं. मग पहाटे विहिरीवर कळशी घेऊन जाते ती माझी आई कोण? हा गडगा मी आणि त्याने मिळून रचला, तेव्हा पलीकडे कोण उभं होतं? की मीच काही चुकीचं ऐकलं... नाही. दोनदा विचारलं मी.

संध्याकाळी दादा गडग्याशी आला. हाताला लागलेला चुना लुंगीला पुसत म्हणाला, "शिमग्याला पालखी आधी आमच्याकडेच ना रे? आपला मान आहे तो."

पालखीला पुढचा खांदा माझा असतो.

अगदी ओठावर आलं होतं, पालखी कुठून येणार दादा, इथे वस्ती नाही, नुसती कलमं आहेत.

"आणू की," म्हणालो.