सात नंबरची खोली

सोमवार
आले बाई एकदाची वृद्धाश्रमात! दोन नंबरची खोली, अंगावर ऊन, गादी तर कापूस कापूस. दारं, हीटर, घंटा, सगळं कॉम्प्युटरवर, आणि तो सांभाळते कोण? माझी नात! मी दुसरी नापास, पण मिरवते मीच. माझी ताई इथेच गेली, सात नंबरात. ऐन थंडीत मॅनेजरने हीटर तोडला, बाहेरून कडी घातली. खोकून खोकून गेली बिचारी. हा म्हणे, म्हातारी माणसं जायचीच. आता त्याच मोठ्या खोलीत हातपाय पसरून राहतोय. राहा म्हणावं, राहा.

मंगळवार
नातीने उंदराच्या सापळ्यासारखं समजावलं. राहणाऱ्यांच्या यादीतलं नाव खोडलं की खटका पडतो, तो ट्रिगर. खटक्याला फंक्शन बांधलेलं. ते दार लावतं, हीटर नि घंटा बंद करतं. फंक्शन सगळ्यांना एकच, कुठल्या खोलीत चालायचं तो आकडा बांधतानाच त्याच्या हाती द्यायचा. ताईचं नाव अजून यादीत आहे, मॅनेजर शनिवारी खोडणार, म्हणाली, कुठला आकडा देऊ? गारठू दे की त्याला एक दिवस. म्हटलं, सात गं माझे राणी! हसताना कवळी निसटली. तिने बजावलं, एकदा दिला की दिला, ते माणूस बघत नाही. म्हटलं, जातोय कुठे मुडदा!

गुरुवार
सातच्या दाराला कान लावला तर आत खोकला. ताईचाच, शेवटी शिटी वाजणारा. मॅनेजर पांढराफटक पडून बाहेर धावला. माझ्या जिवाला काय गारवा वाटला! ताई, दोन दिवस कळ काढ गं.

शनिवार
नात परगावी गेलीय. मॅनेजर सकाळीच गोड बोलत आला, आजी, बहिणीच्या खोलीत राहा, आठवण म्हणून. स्वतः माझ्या दोन नंबरात शिरला. नको नको म्हटलं, पण कारण काय सांगणार? शिपायांनी खुर्चीसकट उचलून आणलं. काठी तिकडेच राहिली.

दुपार
नातीचा फोन लागत नाही. तो दोन नंबरात यादी घेऊन बसलाय. भिंत धरून दाराकडे निघते —

खट् झालं.

हीटर गार. घंटा दाबते, दाबते —

खोकला. उशाशी.

ताई, मी गं, तुझी धाकटी. तो दोन नंबरात आहे, दोन —

ऐकत नाही. हिलाही सातच ठाऊक. हीसुद्धा माणूस बघत —