घरी पोचवणारी शाल

माझ्या लाडक्या खारूताईस,

बाबाचे पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. खोकला बराचसा गेलाय. आईला नुसतं 'गेलाय' एवढंच सांग.

तुझ्या जादूच्या कादंबरीची तीन प्रकरणं मिळाली. इथे छापखान्यात दिवसभर पुस्तकं शिवतो, म्हणून थोडा आगाऊपणा करतो. आधी राज्याचा नकाशा काढ आणि त्यावर दोरा ठेवून अंतरं मोज. राजवाड्यापासून नदी आधी एका दिवसावर आणि मग सात दिवसांवर, असं कसं चालेल? माणसांची वेगळी वही कर. तुझी चेटकीण आधी डाव्या डोळ्याने आंधळी आहे, नंतर उजव्या!

आणि ती शाल. पांघरली की माणूस क्षणात आपल्या घरी. अगं, जादूला काहीतरी अडचण हवी, नाहीतर कुणी लांब राहीलच कशाला? गोष्टच संपेल. ते पान काढून टाक, असं लिहिणार होतो. पण चार दिवस तेच पान खिशात घेऊन फिरतोय.

आई गुडघ्याला तेल लावते ना?

शाल राहू दे. फक्त नियम घाल, की ती वर्षातून एकदाच चालते. मला तेवढी पुरेल.

तुझाच,
बाबा