अक्काच्या पट्ट्यातला कोळसा

२ डिसेंबर
अक्काकडे येऊन तिसरा महिना. एवढा एका जागी मी शाळेतपण टिकलो नव्हतो.
सकाळी विहिरीकडच्या पट्ट्यात गेलो. केळी अजून पिवळीच. पानांच्या शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, वाढ थांबलेली. बांधाच्या पलीकडे दाजींची बाग, त्याच दिवशी लावलेली, गुडघ्याच्या वर गेली, हिरवीगार. फरक एकच. अक्काच्या पट्ट्यात मी को. टाकलाय. को. म्हणजे कोळसा. आज अख्खा शब्द लिहायला नको वाटतं.
दाजी मोटार चालू करायला आले. "शास्त्रज्ञ उठले का?" म्हणाले. बाकी काही नाही. बाकी काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

३ डिसें.
अक्काने तिच्या सासऱ्यांना, आबांना, सांगितलं की थंडीनं पिवळी पडली असतील. रावेरला थंडी आहे, खरंय. पण थंडी बांध बघून पडत नाही. आबा "हूं" म्हणाले आणि तंबाखूला चुना लावत बसले.
लग्नानंतर पहिल्यांदा हा पट्टा तिच्या हातात दिलाय. तुझ्या मनासारखं कर, म्हणून. तिने माझ्या मनासारखं केलं.
संक्रांतीपर्यंत सुधारली नाहीत तर रोपं उपटायची आणि पट्टा परत दाजींकडे. आबांनी हे ओरडून नाही सांगितलं. वरणाची वाटी तिच्याकडे सरकवत सांगितलं. मी समोरच जेवत होतो. भात गिळला.

५ डिसें.
धुळ्याचं शेतीचं शिबिर. गणपतीच्या सुमारास होतं. मी तसा कामच शोधायला गेलो होतो, फुकट जेवण म्हणून आत बसलो. शिकवणाऱ्या मॅडमनी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा कोळसा करून दाखवला. झाड हवेतला कार्बन ओढून घेतं. काडी जाळली की तो धुरातून परत हवेत. कुजली तरी परत हवेतच, जरा सावकाश. पण कोळसा करून पुरला तर मातीत पडून राहतो. मला हे एवढं आवडलं! हवेतली वस्तू खड्ड्यात कोंडायची.
मग चहाची सुट्टी. बाहेर रस्त्याने काठेवाडी चालले होते, गुरं घेऊन गावोगाव फिरणारे. उंटावर खाट, खाटेवर कोंबड्या, कोंबड्यांमध्ये एक म्हातारी. त्यांच्या मागे मागे पांझरा नदीपर्यंत गेलो. उंट चालतो तेव्हा पायाचा आवाजच येत नाही. आपल्या चपला मात्र फटक फटक. परत आलो तर सतरंज्या गोळा करत होते.
इकडे आल्यावर अक्काला कोळशाचं सगळं सांगितलं. म्हणजे सकाळचं. तिने आमच्या धुळ्याकडच्या बोलीत विचारलं होतं, "बठ्ठं ऐकीसनी उना ना रे भाऊ?"
हो, सगळं ऐकून आलो म्हटलं.

६ डिसें.
कोळसा पण धड केला नाही, ते लिहून टाकतो. बांधावर आबांचा काड्यांचा ढीग होता. खड्डा केला, पेटवलं. थर लावत जायचं आणि वेळेवर पाणी मारायचं, एवढंच काम. तेवढ्यात रस्त्यावर केळीचा ट्रक फसला. लोक ढकलत होते, मी पण गेलो. ट्रक निघाला, ड्रायव्हरने चहा पाजला. खड्ड्यापाशी आलो तर वर राख, मध्ये थोडा पक्का कोळसा, खाली कच्चंच, धूर मारणारं. सगळं एकत्र करून रोपांच्या खड्ड्यात भरलं. अक्का डोक्यावर पाट्या वाहत होती. हसत होती. "मना भाऊ शिकी उना," असं शेजारणीला सांगत होती.

९ डिसें.
हिंमत करून मॅडमना फोन लावला. अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. हात पिठाचे. म्हणाली, "मोठ्यानं लाव, माले बी ऐकू दे."
मॅडम: "कोळसा शेणाच्या काल्यात मुरवला होता ना?"
नाही.
"राख वेगळी केली होती?"
नाही.
"अहो, तुमची जमीन काळी, चुनखडीची. ती आधीच अल्कधर्मी, आंबटाच्या उलट. आंबट लाल मातीला जे चालतं ते तिथं चालत नाही. आधी एका कोपऱ्यात करून बघा, असं मी बजावून सांगितलं होतं. दुपारच्या सत्रात तुम्ही नव्हता का?"
तव्यावरची भाकरी करपली. अक्काने ती उतरवली, स्वतःच्या ताटात घेतली. मला पुढची दिली.

१३ डिसें.
आज ऐकलं. ओट्यावर आबा आणि अक्का. मी आत दाराशी.
आबा: "सुनबाई, हा कोयसा कोनाच्या डोक्यातून निंघाला?"
अक्का: "माझ्याच, आबा. तो नको म्हणत होता. मीच टाकाले लावला."
मी आतच उभा राहिलो. दोन पावलांवर उंबरा होता.
ओलांडला नाही.

१४ डिसें., पहूर
पळालो. अक्काला म्हटलं, धुळ्याला मॅडमकडे जाऊन येतो. खरं म्हणजे माझा मित्र बंट्या, त्याने तिकडे हायवेवरच्या धाब्यावर काम बघून ठेवलंय. जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी समोर उभी होती आणि मी पहूरच्या गाडीत बसलो. का, ते मलाही माहीत नाही.
इथं एका शेतात भरीत चाललं होतं. ओळख ना पाळख, पण बोलावलं. काड्यांच्या जाळावर वांगी, वर मिरच्या. पोटभर खाल्लं. मग एकाने निखाऱ्यांवर बादली ओतली. फस्स. काळे तुकडे चमकायला लागले. मी बघतच बसलो.
"काय पाहता, पाहुणे? वांगं राहिलं का त्याच्यात?"
सगळे हसले. मीपण हसलो.

१८ डिसें., धुळे
तीन दिवस इकडेतिकडे काढले, मग बंट्याकडे न जाता मॅडमना भेटलो. रागावल्या नाहीत. चहा मागवला.
त्यांनी सांगितलेलं, आठवेल तसं:
अर्धवट जळालेला भाग मऊ असतो. मातीतले जिवाणू त्यावर तुटून पडतात. खातात आणि हवा सोडतात, म्हणजे तेवढा कार्बन परत वर. पण खाताना त्यांना नत्र लागतं, ते रोपांच्या वाट्याचं ओढतात. राखेने माती आणखी अल्कधर्मी झाली, म्हणून लोह असूनही रोपाला मिळेना. म्हणून पिवळं.
पक्का जळालेला भाग मात्र सहज कोणी खात नाही. कडा झिजतात, मुळ्या फोडतात, गांडूळ गिळून पुढं नेतं, थोडा पाण्यात उतरतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की तुकडे भेगांतून खाली जातात. पिढ्या जातात, तुकडे राहतात.
मी विचारलं, वेचून काढला तर?
"मीठ पडलेल्या आमटीतून मीठ वेचता का?"
आणि एक वाईट गोष्ट सांगितली. कधी कधी ताज्या कोळशाने जिवाणू एवढे चेकाळतात की मातीतला जुना कसही खायला लागतात. आबांच्या वडिलांनी शेणखत टाकून केलेला कस. तो पण माझ्यामुळे हवेत जात असेल?
"असेल किंवा नसेल. बघा तरी, तुमची माती श्वास किती सोडतेय," म्हणाल्या. कसं बघायचं ते सांगितलं.

२१ डिसें.
परत रावेर. धाब्याचं बंट्याला नाही म्हटलं नाही, नंतर सांगतो म्हटलं.
अक्का: "उना का? हातपाय धू."
मला वाटलं होतं विचारेल. विचारलं असतं तर सांगता आलं असतं.
लोणच्याच्या दोन बरण्या मागितल्या. एकीत पट्ट्यातली माती, दुसरीत दाजींच्या बागेतली. दोन्हींत चुन्याच्या निवळीची एकेक वाटी ठेवून झाकण घट्ट लावायचं. माती श्वास सोडते, निवळी पांढरी होते. ज्या मातीत जास्त खाणं चाललंय तिथली जास्त पांढरी. चुना आबांनी दिला, डबीतला.
"आता मातीले पान खाऊ घालतो का?"

२३ डिसें.
दोन्ही वाट्यांवर साय आली. पट्ट्यातल्या वाटीवर जाड, बोट लावलं तर तडकली. दाजी पण वाकून बघून गेले. आज शास्त्रज्ञ म्हणाले नाहीत.
आबांनी विचारलं, "हे काय खाई ऱ्हायले? तुया कोयसा, का माही माती?"
मॅडमना फोन केला. म्हणाल्या, या बरणीवरून ते नाही सांगता येत.
आबांना तसंच सांगितलं. पहिल्यांदा त्यांना अर्धवट गोष्ट अर्धवट आहे म्हणून सांगितली.

३ जाने.
दहा दिवस झाले, शेणाचा काला कालवतोय, रोपागणिक ओततोय. मॅडमनी सांगितलं तसं हिराकसाचं पाणी पानांवर मारलं, लोह मिळावं म्हणून. अंगाचा वास जात नाही. अक्का सोबत असते. आज न राहवून म्हटलं, "अक्का, तू आबांना खोटं का सांगितलं?"
"मंग काय सांगू? मना भाऊ उंटामागे गया व्हता?"
तिला उंटांचं कसं कळलं! मीच सांगितलं होतं म्हणे, आल्या आल्या, पांझरेपर्यंत गेलो ते रंगवून रंगवून. म्हणजे तिला तेव्हापासून... आणि तरी पाट्या वाहिल्या.
बादली तिथंच ठेवून विहिरीच्या मागे जाऊन बसलो.

९ जाने.
काही रोपांचं नवीन पान जरा हिरवं. काहींचं नाही. दाजी म्हणतात ऊन वाढलं म्हणून. असेल.

१३ जाने.
उद्या संक्रांत. सकाळी आबा पट्ट्यात आले. एक रोप हाताने हलवून पाहिलं, खाली बसले, मातीतून कोळशाचा तुकडा काढला. बोटात धरून दाबला. फुटला नाही.
"किती वरीस ऱ्हाईन हा?"
म्हटलं, "आबा, मऊ भाग जाईल वर्षा-दोन वर्षांत. बाकीचा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."
"म्हंजे नातवाच्या नांगरालेबी लागीन."
"हो."
"सुनबाई म्हने तिनं टाकाले लावला."
या वेळी उंबरा नव्हता. "नाही आबा. मी. आणि मला पूर्ण माहीत नव्हतं."
"मले का डोये नाहीत? खोटं बोलताना पदर चावते ते." तुकडा परत मातीत खुपसला, वर बोट दाबलं. "कोयसा ऱ्हायतो, अन् टाकनारा पयतो. असं कसं चालीन?"
मी रोपांचं विचारलं. उपटायची का?
"तू ऱ्हायत असशील तं ठिवू. पट्टा सुनबाईकडेच. जानार असशील तं आजच सांग, उपटाले मानसं सांगा लागतीन."
उत्तराची वाट न बघता ठिबकच्या नळीचं तोंड साफ करायला गेले.
साधा शब्द आहे, राहतो. आजवर कुणाला म्हटल्याचं आठवत नाही, आईलापण नाही. तोंडात जुळवून पाहिला. आबा त्या टोकाला पाठमोरे बसलेत, अजून उठले नाहीत. मी इथं बांधावर बसून हे लिहितोय.