आठ सेकंदांचं हिरवं

१८ एप्रिल १९९४, लुंड

खाटीकखान्यातून डुकराचे बारा डोळे आले, बर्फात. सकाळभर मी अंधाऱ्या खोलीत. सगळे कॉफीला गेले, मला हाक नाही. दार उघडलं तर फिल्म बिघडते — ही सबब सगळ्यांच्याच सोयीची! फक्त यल्वा दारावर दोनदा टकटक करते. "गुन्वोर, जिवंत आहेस ना? दालचिनीचे पाव संपत आलेत!"

माझा नवरा सिक्स्टन वारला, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून एवढी चौकशी दुसऱ्या कुणी केली नाही.

२० एप्रिल

यल्वाच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे माझे फोटो. डोळ्याच्या पडद्यावरच्या शंकूपेशी प्रकाश टिपतात आणि निरोप पुढे धाडतात. पण गाबा नावाचं रसायन जेव्हा "गप्प बस" म्हणतं, ते या पेशींना स्वतःला ऐकू येतं का? ऐकायला ग्राही हवेत. ग्राहींना चिकटून हिरवं चमकणारं प्रतिपिंड घातलं की माझ्या फोटोंत ते पेशींच्या पायथ्याशी दिसतात. तीन वर्षं खपलोय आम्ही दोघी.

२९ला ती, इथल्या रिवाजाप्रमाणे, प्रबंध विद्यापीठाच्या फळ्यावर खिळ्यानं ठोकणार. हातोडी मी आणायची, असं बजावलंय!

२२ एप्रिल

फोटोंखालचा मजकूर लिहायला माझी वही काढली. हिरव्या फोटोंना फिल्मवर आठ सेकंद प्रकाश पाडलेला. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, काचेला — तिच्यावर प्रतिपिंड घालत नाहीत, ती काळीच दिसायला हवी — दोन सेकंद! दोन सेकंदांत काय, काहीही काळंच दिसेल. अक्षर माझं.

२५ एप्रिल

तीच काच आठ सेकंद ठेवून पाहिली. हिरवी. मग फोटोंतलं हिरवं ग्राहींचंच, असं म्हणता येत नाही.

२६ एप्रिल

दोनदा टकटक झाली. मी ओ दिली नाही. सांगितलं तर प्रकरण जाणार, आणि बहुतेक यल्वाही. नाही सांगितलं तर ती खोटं ठोकणार, माझ्याच हातोडीनं.

२७ एप्रिल

सांगितलं. ती स्टुलावर बसली. "परवा, गुन्वोर. परवा ठोकायचा होता." बस, एवढंच.

प्रोफेसर तोरकेल मात्र कॉफीच्या टेबलावर, सगळ्यांदेखत — "तीस वर्षं नोकरी झाली, अजून आठपर्यंत मोजता येत नाही तुला?" कुणीतरी हसलं.

२९ एप्रिल

हातोडी पिशवीतच राहिली.

१३ जून

यल्वा दूर उत्तरेत किरुनाला गेली, शाळेत शिकवायला. जाताना माझ्या वहीत नंबर लिहिला. "लागला तर." माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

आता दारावर कुणी टकटक करत नाही. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं, झालं.

५ सप्टेंबर

नव्या काचा करतेय. कुणी सांगितलेलं नाही. डोळ्याच्या पडद्याचे काप उचलताना हात थबकला — ब्रश! तेव्हा एकाच ब्रशनं सगळे काप उचलले होते मी. आधी प्रतिपिंडाच्या वाटीतले, मग त्याच ओल्या ब्रशनं कंट्रोलचे. प्रतिपिंड मीच तिकडे नेलं असेल का? आज कंट्रोलला वेगळा, कोरा ब्रश घेतला.

८ सप्टेंबर

दोन्ही काचांना आठ सेकंद. तीनदा मोजले. कंट्रोल काळाकुट्ट. शंकूपेशींचे पायथे हिरवेगार. ग्राही आहेत तिथे! यल्वाचं सगळं खरं होतं.

नंबर फिरवला. "गुन्वोर? आता आणखी काय बिघडलं?"

मी बोटानं रिसीव्हरवर दोनदा टकटक केली.