होड्यांची घोडी

सुतारवाडी, तालुका मुरबाड
चैत्र वद्य, सन १९४३

प्रिय शकू,

तुला बापाचे पोटभर आशीर्वाद. हे पत्र आधी एकटीनं वाच. गोठ्यात जा, म्हशीला वैरण टाकायचं निमित्त कर आणि तिथं वाच. अक्षर वाकडं दिसेल. सागाच्या ओंडक्यांवरचे शिक्के ओळखत ओळखत मी लिहायला शिकलो, त्यामुळं ते सरळ कधी नव्हतंच. पण कालपासून रंधाही सरळ चालत नाही, फळीला लाटा पडतात.

संक्रांतीला आलीस तेव्हा नदीच्या उताराशी माझं नवं काम पाहून तू विचारलंस, बाबा, हा मांडव कुणाच्या लग्नाचा? मी हसण्यावारी नेलं. तो मांडव नव्हे पोरी, ती होड्यांची घोडी. आमच्या धंद्यात जिच्यावर लाकूड टेकवतात ती घोडी. ही तशीच, पण होड्या ठेवायची. गेल्या भाद्रपदात तारा तोडणारी चळवळीतली पोरं सिद्धगडाच्या रानात शिरली आणि ती नदी ओलांडून ये-जा करतात असा सरकारला संशय आला. हुकूम निघाला की दोन्ही काठांच्या सगळ्या होड्या आपल्या बाजूला आणून साखळीत बांधायच्या. उताराशी चौकी बसली. हवालदार असला की दिवसा एक होडी सुटायची, एरवी सगळ्यांना कुलूप आणि किल्ली त्याच्या कमरेला. उघड्यावर एवढ्या होड्या ठेवायच्या कशा, म्हणून मला बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगू का, कामात मन रमलं.

खांब ऐनाचे घेतले. मातीत जाणारं टोक जाळून काळं केलं, वर डांबर फासलं, म्हणजे वाळवी तोंड लावत नाही. आडव्या हातांच्या टोकांना कुसू पाडून ते खांबांच्या भोकांत बसवले, एक खिळा नाही. हातांना आतल्या बाजूला थोडा उतार दिला, म्हणजे वाऱ्यानं होडी हलली तरी बाहेर न पडता आतच सरकते. होडी ठेवायची पालथी, नाही तर पाणी साठून कुजते. दोन्ही टोकांखाली आधार दिला तर मधून तिची पाठ बसते, म्हणून आधार बरेच आत घेतले. लाकडावर लाकूड घासू नये म्हणून काथ्याचा दोर गुंडाळला, आणि उन्हानं फळ्या तडकू नयेत म्हणून वर सागाच्या पानांचं छप्पर घातलं. तुझी आई म्हणाली, लेकीच्या रुखवतातले पाट काय एवढे मन लावून केले नव्हते. तिचं बोलणं नेहमीचंच, आंबट चिंचेसारखं, पण तोंडाला चव आणणारं.

बदकांच्या शिकारीला येणाऱ्या साहेबाची होडीही तिथंच आली. एका माणसापुरती, सुरीसारखी निमुळती, बारीक काड्यांच्या सांगाड्यावर जाड कापड ताणलेलं. घोडीच्या हातांवर ठेवली तर कापडाला वळ पडतील, म्हणून तिला दोन रुंद पट्ट्यांच्या झोळीत टांगली. उचलायला आपला चांगो होडीवाला होता. त्यानं आत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "देवजीदादा, साहेब याच्यात बसतो का त्याला आत घालून शिवतात?" सगळे हसले. हवालदारसुद्धा हसला. चांगोचं ते शेवटचं हसणं.

पोटुशीला असल्या गोष्टी सांगू नयेत हे मला कळतं. तरी सांगतो, कारण न सांगता पुढचं तुला पटायचं नाही. चांगोची बायको ठकी तापानं गेली असं तुला सांगितलं होतं, तुमच्याकडच्यांनाही तसंच सांगायला विनवलं होतं. ती तापानं गेली नाही. दसऱ्याच्या आधी तिला कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं होतं. आपल्या काठची सुईण कधीच वारली. आता जी काय ती हौसा, आणि ती पलीकडं, तुमच्या गावात. नदीला पुरुषभर पाणी आणि ओढ अशी की म्हैस वाहून जावी. पुलाकडून जावं तर मधले ओढे भरलेले. हवालदार त्या दिवशी मुरबाडला गेला होता, किल्लीसकट. चांगोनं काठावरून हाका मारल्या. हौसा धावत आली, पदर खोचून पलीकडं उभी राहिली. दोघांच्या मध्ये पाणी, आणि सगळ्या होड्या माझ्या घोडीवर पालथ्या.

मग चांगो कुऱ्हाड घेऊन धावला. चौकीवरच्या शिपायानं बंदूक खांद्याला लावली. तो काही राक्षस नव्हे, झाडाच्या शिरवळीला बसून आपल्यासारखीच भाकर खाणारा माणूस. रडवेला होऊन म्हणाला, "चांगो, मला बी पोरं हायेत. माझी नोकरी जाईल, तुजा जीव जाईल. मागं फिर, बाबा." चांगो फिरला. सांजेला ठकी गेली, मूलही गेलं. दिवे लागले तरी हौसा तिकडं उभीच होती, तिला कुणी हात करून सांगितलंसुद्धा नाही.

थंडीत सिद्धगडाकडं गोळ्या झडल्या तेव्हा मला वाटलं, आता सरकारचा राग शमेल आणि होड्या सुटतील. काल हवालदार आला तो वेगळंच घेऊन. म्हणाला, "मिस्त्री, वरच्या गावांच्या बी होड्या येणार, अजून एक मजला चढव. यंदाचा पावसाळा समद्या हितंच. आणि यातली एक जरी हलली, तर तुलाच घोडीवर पालथा घालीन." मी हो म्हणालो. तो गेल्यावर खांबाला हात लावून पाहिला, दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तसूभर हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम चांगलं झालं याची मला धडकी भरली.

श्रावणात तुझे दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तू इथं असशील, हौसा तिथं असेल, आणि मध्ये माझी घोडी. अडलीस तर मी कुऱ्हाड घेऊन जाईन असं मनाला रोज बजावतो. पण चांगो रेड्याच्या छातीचा गडी, तो फिरला. मी काय करीन, शकू? मला ठाऊक नाही. बंदुकीपेक्षा मला त्याचंच भय वाटतं. म्हणून बाप असून सांगतो, तू माहेरी येऊ नकोस.

तुझी आई आत्ता तुझ्या दारात आहे. नदी घोट्याएवढी आहे तोवर लेकीला घेऊन ये, असं सांगून मी तिला धाडलं आहे. तिला यातलं काही माहीत नाही. मला एकट्याला टाकून ती राहायला तयार झाली नसती, आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हे तर तिच्या हाडात आहे. तेव्हा तूच तिला ठेवून घे. मृग लागेपर्यंत आज उद्या करत थांबव, मग नदीच तिला अडवेल. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हण, पहिलं बाळंतपण माहेरचंच होतं आहे, फक्त माहेर तुमच्या अंगणात आलं आहे. चांगोच्या डोक्यावर जे पोतं आहे, ते तुझ्या डोहाळजेवणाचं म्हणून मी आईला सांगितलं. चांगोला खरं सांगितलं. त्यानं वाकून पोतं उचललं. अंगणात तीन धोंडे मांडून आईला वेगळी चूल दे. ती रागावेल, मला शिव्या घालेल, घालू दे. तिचं बोलून झालं की तिला म्हण, आई, जेव. तांदूळ आपल्याच घरचे आहेत, श्रावणाच्या पुढंही पुरतील एवढे.

तुझाच, भ्यालेला पण तुझाच,
बाबा