छडीच्या कपाटाची किल्ली

बाई, सगळ्यांत आधी आली ती नातीची चष्मेवाली मैत्रीण. चपला काढायच्या आधीच दारातून ओरडली, "दिदा, तुमची नात जिंकली!" तिच्यामागून आणखी दोघी, आणि सगळ्यांत शेवटी आमची नात, घामाघूम, हातात अर्धा खाल्लेला पेरू. शाळेत वर्गप्रमुखाची निवडणूक होती, चिठ्ठ्या टाकून. निवडून आली हो माझ्या लेकीची लेक! मी आधी तिची दृष्ट काढली, मग चौघींना पोहे केले. या बंगाली मुली पोह्यांवर वरून साखर मागतात, आता काय म्हणायचं! मला त्या दिदा म्हणतात, म्हणजे आजीच. खाता खाता चष्मेवालीनं विचारलं, "दिदा, तुम्ही कधी प्रमुख होतात का?" मी फुगलेच. म्हटलं, होते तर! आणि बंगालीतूनच सांगायला बसले.

तुम्हाला आठवतच असेल, बाई. स्वातंत्र्य नवंनवं होतं, इथंच भवानीपुरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आपली मराठी शाळा, वीसबावीस मुलं. डब्यात चिंचोके टाकून मतं झाली आणि तुमच्या चौथीच्या वर्गात मी निवडून आले. मला वाटलं, घंटा वाजवायची, फळा पुसायचा, झालं. तुम्ही माझ्या हातात कपाटाची किल्ली दिलीत. आत छडी! म्हणालात, "आजपासून छडी हिच्या ताब्यात. कुणाला मारायचं असेल त्यानं हिच्याकडे मागायची. ही विचारणार, कशाबद्दल? पटलं नाही तर देणार नाही. मार का बसतोय हे विचारायचा मुलांना हक्क आहे. मी मागितली तरी विचारायचं हं." पुढं दोनदा तुम्ही रागानं मागितलीत. मी विचारलं. दोन्ही वेळा तुम्हीच हसून खुर्चीत बसलात.

मग शाळेचे चिटणीस आले त्या दिवशी. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत माझे वडील त्यांच्याच हाताखाली. घरी त्यांचा विषय निघाला की वडील आवाजसुद्धा खाली आणत. माझ्या शेजारची मैत्रीण उठून म्हणाली, "जल खाबो." पाणी प्यायला जाते, एवढंच. पोर इथंच जन्मलेली, तहान तिला बंगालीतच लागायची. चिटणीस भडकले. "मराठी शाळेत हे ऐकायचं? छडी कुठाय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, छडी प्रमुखाकडे असते. तिच्याकडे मागा." ते माझ्याकडे वळले. "तू आमच्या कचेरीतल्या कारकुनाची ना गं? आण इकडे." तुम्ही माझ्याकडे बघताय, सगळा वर्ग बघतोय, एक शब्द विचारायचाय. आणि मी पळतच जाऊन कपाट उघडलं, बाई. दोन्ही हातांनी छडी दिली त्यांना, प्रसाद द्यावा तशी. तुम्ही मधे पडेपर्यंत तिला तीन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिची आई तडक वर्गात आली. "माझ्या लेकीला मारायला छडी दिली कुणी?" तुम्ही म्हणालात, "माझ्या वर्गात झालं, दोष माझा." त्या माउलीनं तुम्हाला काय काय ऐकवलं! मी किल्ली मुठीत धरून फळ्याकडे बघत उभी. मैत्रीण परत शाळेत आली नाही. मला तुम्ही एवढंच म्हणालात, "विचारायचं राहिलं ना गं?" किल्ली काढून घेतली नाहीत. घेतली असतीत तर बरं झालं असतं. चौथीनंतर वडिलांनी शाळा सोडवली, तेव्हा सगळ्या मुली रडतात तशी मी रडले नाही. सुटले, असंच वाटलं.

तर हे मी मुलींना सांगत होते, चिटणीस माझ्याकडे वळले इथपर्यंत. चष्मेवालीचा घास हातातच राहिला. "मग, दिदा? मग?" म्हटलं, "मग काय! मी विचारलं, साहेब, कशाबद्दल? आणि छडी दिलीच नाही." तोंडातून गेलं ते गेलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. नात गळ्यात पडून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तू किती शूर आहे!"

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, हे पत्र टाकू तरी कुठं? माझं अक्षरही चौथीतलंच राहिलंय. पण एक सांगते. त्या टाळ्या मला फार आवडल्या, बाई. माझ्या मैत्रिणीची आठवण आली ती टाळ्या थांबल्यावर.

आमची नात ही गोष्ट वर्गात वाचून दाखवणार आहे. नीट लिहून घ्यायला चौघी वह्या घेऊन परत बसणार आहेत माझ्यापुढं. रविवारी, चार वाजता.